क्रिसान्तोनं उघडलेलं घर

माझी मोठी बहीण पेर्लिता हिचा नवरा क्रिसान्तो बावीस वर्षं जहाजावर होता. एका फेब्रुवारीत तो कायमचा घरी आला. कंपनीच्या डॉक्टरनं त्याचा रक्तदाब पाहून मान हलवली आणि पुढचा करार झालाच नाही. विमानतळावरून येताना तो गाडीत हसून सांगत होता, "आता मी जमिनीचा माणूस." पेर्लिता खिडकीबाहेर बघत होती. तीही हसत होती, पण तिचं ते हसू मी ओळखते. पाहुणा येणार म्हणून घर आवरून ठेवावं आणि पाहुण्यानं आल्या आल्या सांगावं की मी आता इथेच राहणार, तेव्हाचं ते हसू.

इलोइलो शहरातल्या मोलो भागात, चर्चमागे आमची गल्ली आहे. पेर्लिताचं घर दोन खोल्यांचं, मागे स्वयंपाकघर, वर ठेंगणं पत्र्याचं छप्पर. मी शेजारच्याच गल्लीत एकटी राहते आणि रोज सकाळी तिच्याकडे जाते, कारण आमचा धंदा एकच. मोलोच्या सूपमध्ये जे खिम्याचे मोदकासारखे गोळे असतात ना, त्यांच्या पाऱ्या आम्ही लाटतो. बाजारातले सूपवाले आमच्याकडूनच नेतात. पारी अशी हवी की पलीकडचं बोट दिसलं पाहिजे. तेवढी पातळ पारी वाऱ्याची झुळूकसुद्धा सोसत नाही, कडा लगेच सुकून वर वळतात. म्हणून आम्ही खिडक्या लावून घेतो, दारावर पडदा सोडतो आणि त्या भट्टीतच लाटतो. पाठ घामानं भिजते, पण पारी ओली राहते. इतकी वर्षं असंच चाललं होतं.

पूर्वी क्रिसान्तो वर्षातून दोन महिने यायचा. ते दोन महिने जत्रेसारखे जायचे. आम्ही लाटणं बंद ठेवायचो, समुद्रावर जायचो, भाजलेली कालवं खायचो. जत्रा संपली की पेर्लिता त्याची बॅग भरून द्यायची आणि दुसऱ्या दिवशी पीठ मळायला घ्यायची. आता मात्र मार्च उजाडला तरी तो घरातच होता.

त्याला बसता यायचं नाही. खुर्चीवर बसला की गुडघा हलायला लागायचा. मग उठायचा, फाटकापर्यंत जायचा, परत यायचा, स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला हात लावायचा आणि पुन्हा फाटकाकडे वळायचा. जाता येता नळ घट्ट करायचा, खिळा ठोकायचा, डब्यांची झाकणं बघायचा. अकरा वर्षांची जोवेलिन, त्यांची एकुलती एक मुलगी, एकदा जेवताना त्याला म्हणाली, "तातय, आपलं घर कुठे चाललंय का? तुम्ही सारखे पुढे-मागे बघून येता."

तो हसला. पण जेवण झाल्यावर पुन्हा भिंतीला हात लावून आला. "ही भिंत तापते," तो म्हणाला. "पत्रा तापतो, मग भिंत तापते. तुम्ही इथे जगता कशा?"

"जसे सगळे जगतात तशा," पेर्लिता म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी तो पांढऱ्या रंगाचे डबे घेऊन पत्र्यावर चढला. जहाजाची डेकं उन्हात कशी पांढरी ठेवतात, त्यामुळे तळपाय कसे भाजत नाहीत, हे तो वरूनच आम्हाला ओरडून सांगत होता. सगळा पत्रा पांढराशुभ्र झाला. खरं सांगायचं तर फरक पडला. दुपारी भिंतीला हात टेकवता येऊ लागला.

समोरच्या माडीवर राहणाऱ्या तिया उर्सुलाला मात्र ते रुचलं नाही. ती खिडकीतून ओरडली, "सान्तो, अरे माझे डोळे जातील की! सकाळी खिडकी उघडली की वाटतं स्वर्गाचं दार उघडलं. अजून मेले नाही मी."

"तिया, तुमचाही पत्रा रंगवून देतो."

"माझ्या पत्र्याला हात लावून बघ. माझा नवरा त्याच तापल्या पत्र्याखाली जन्मभर कुरकुरला, मलाही आता त्याचीच सवय आहे."

मग क्रिसान्तोनं बाटल्यांचं काम काढलं. पत्र्याला गोल भोक पाडून त्यात पाण्यानं भरलेली प्लॅस्टिकची बाटली अर्धी आत, अर्धी बाहेर बसवायची आणि कडेच्या फटीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची. वरचं ऊन बाटलीत उतरतं आणि खाली दिव्यासारखा उजेड पडतो. पाण्याला शेवाळ येऊ नये म्हणून त्यात झाकणभर ब्लीच. आमच्या स्वयंपाकघरात भर दुपारीही दिवा लावावा लागायचा, तिथे आता पांढरा लख्ख उजेड पडला. पेर्लिता टेबलापाशी उभी राहून पिठाकडे बघत राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. इतकी वर्षं अंधारात मी काय काय लाटलं असेल देव जाणे."

तेव्हा आम्ही तिघंही मोकळेपणानं हसलो. तेवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण काम संपलं की क्रिसान्तोचा गुडघा पुन्हा हलायला लागे.

एप्रिलमध्ये एका सकाळी आम्ही दोघी पाऱ्या पोचवायला बाजारात गेलो होतो. परत आलो तर स्वयंपाकघराच्या दोन्ही भिंतींना वर, पत्र्याच्या खाली, झरोके पाडलेले. खाली विटांचा चुरा. पत्र्यावर जाड कापडाचा एक मोठा पोंगा उभा, त्याचं तोंड समुद्राकडे आणि शेपूट वरच्या झरोक्यातून आत. जुन्या जहाजांवर तळाशी हवा पोचवायला असे पोंगे लावायचे, असं त्यानं सांगितलं. वारा त्या पोंग्यातून थेट आमच्या टेबलावर पडत होता.

"बघ," तो म्हणाला. त्याच्या केसांत सिमेंट होतं आणि चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला बघवेना. "घर श्वास घेतंय."

टेबलावर आम्ही सकाळी लाटून ओल्या कापडाखाली ठेवलेली दुसरी खेप होती. कापड उडून खाली पडलं होतं. पाऱ्यांच्या कडा वाळलेल्या पानांसारख्या वर वळल्या होत्या आणि पिठाचा पांढरा धुरळा सगळ्या भांड्यांवर बसला होता. पेर्लितानं एक पारी उचलली. ती तिच्या बोटांत कडकन मोडली.

"घर श्वास घेतंय," ती म्हणाली, "आणि माझा माल मेला."

"मग वारा असताना लाटू नका. पहाटे लाटा."

"बरं."

तेवढंच. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं मला टेबलाचं एक टोक धरायला लावलं आणि आम्ही ते तिच्या झोपायच्या खोलीत नेलं. तिथे खाट भिंतीला चिकटवून, दार लावून आम्ही लाटू लागलो. बाहेर स्वयंपाकघरात वारा खेळत होता आणि आत आम्ही दोघी पूर्वीपेक्षा जास्त उकडत होतो.

"नांग, त्यांना सांग ना," मी म्हणाले. मोठ्या बहिणीला मी नांग म्हणते.

"काय सांगू? माणूस बावीस वर्षं आमच्यासाठी पाण्यावर राहिला. आता त्याला घराला चार भोकं पाडू नको म्हणू?"

"हो, म्हण."

"तू लग्न केलं असतंस तर कळलं असतं," ती म्हणाली आणि लाटणं जोरात फिरवलं. या टोमण्यावर आमच्याकडे सगळ्या गोष्टी संपतात, म्हणून मी पुढची पारी लाटायला घेतली.

पुढे त्यानं पश्चिमेच्या भिंतीवर बांबूचा मांडव करून दोडक्याचा वेल चढवला आणि न्हाणीचं पाणी नळीनं त्या वेलाला सोडलं. वेल भराभर वाढला. पाऊस सुरू व्हायच्या आधी त्यानं तीन निळी पिंपं आणली. आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसतो, उरलेले दिवस गाडीवाल्याकडून विकत घ्यावं लागतं. जहाजावर राहिलेल्या माणसाला गोड्या पाण्याची किंमत कुणी शिकवावी लागत नाही. त्यानं पाइप उभा चिरून पन्हळ केली, ती पत्र्याच्या कडेला बांधली, पाइपाचं तोंड पिंपाच्या झाकणात सोडलं आणि पिंपाला खाली तोटी बसवली. तोटी ठिबकायची म्हणून तिच्याखाली बादली. जूनमध्ये तिन्ही पिंपं भरली. तिया उर्सुलासुद्धा हंडा घेऊन खाली आली.

"पाणी फुकट आहे म्हणून नेते," ती म्हणाली, "तुझ्या छपरावर खूश आहे म्हणून नाही."

त्या दिवशी क्रिसान्तोनं स्वतः तुरीचे दाणे, फणस आणि डुकराचं मांस घालून मोठं पातेलं रांधलं. पावसाच्या पाण्यात शिजवलं की चव वेगळीच येते, असं तो सगळ्यांना सांगत सुटला. आम्ही मान डोलावली. मला चव नेहमीसारखीच वाटली.

पण पिंपं भरल्यावर घरात करायला काही उरलं नाही. जुलैत तो दुपारी बंदरावर जायला लागला. नुसता कठड्याशी उभा राहून ये-जा करणारी जहाजं बघायचा. घरी आला की पेर्लिता विचारायची, "कुठे होतास?" तो म्हणायचा, "इथेच." मग बंद दारामागे लाटण्याचा आवाज आणि बाहेर त्याच्या चपलांचा, फाटकापर्यंत आणि परत. जोवेलिन मधल्या पडद्यापाशी बसून अभ्यास करायची. तिला दोन्ही ऐकू यायचं.

ऑगस्टमध्ये ती एका संध्याकाळी शाळेतून आली आणि दप्तर न काढताच टेबलावर डोकं टेकून बसली. कपाळ चटके देत होतं. दोन दिवस आम्ही पाणी, औषध, ओल्या घड्या करत राहिलो. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. आम्हाला वाटलं सुटलो, पण तिच्या दंडावर लाल ठिपके उठले आणि दात घासताना चूळ लाल आली. पेर्लितानं तिला उचललं, अकरा वर्षांच्या पोरीला तान्ह्या बाळासारखं, आणि रिक्षा थांबवायला गल्लीच्या तोंडापर्यंत धावत गेली.

सरकारी इस्पितळात डेंग्यूचाच वॉर्ड होता. जोवेलिनच्या हाताला सलाईन लावलं. रोज रक्त तपासायचे आणि प्लेटलेट्सचा आकडा रोज खाली जायचा. क्रिसान्तो व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता. नर्स वैतागली. "अहो, बसा एका जागी. तुमच्याकडे बघून बाकीच्यांच्याही छातीत धडधडायला लागलंय."

तो बसला. मग तिनं कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "घरी पाणी साठवता का?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मीच म्हणाले, "हो. पण पिंपांना झाकणं आहेत."

दुसऱ्या दिवशी दुपारी आरोग्य खात्याच्या दोन बायका आमच्या गल्लीत आल्या. मी घरी कपडे न्यायला आले होते, म्हणून दार मीच उघडलं. त्यांनी बॅटरीचा उजेड पाडून पहिलं पिंप बघितलं, ते ठीक होतं. दुसरंही ठीक होतं. तिसऱ्या पिंपाच्या झाकणात पाइपासाठी पाडलेलं भोक पाइपापेक्षा बोटभर मोठं होतं आणि त्याला जाळी नव्हती. आत उजेड पडला तशा पाण्यात बारीक बारीक अळ्या वळवळत खाली गेल्या. तोटीखालच्या बादलीत तर त्या नुसत्या डोळ्यांनी दिसत होत्या.

"कुणाचं मूल आजारी आहे?" एकीनं विचारलं.

मी सांगितलं. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या घराकडे गेली.

मी बादली उपडी करत होते तेवढ्यात क्रिसान्तो फाटकातून आत आला. मी ते लपवू शकत होते की नाही, कुणास ठाऊक. माझा चेहराच पुरेसा होता. तो पिंपाजवळ गेला, झाकण काढून आत बघितलं. मग त्यानं पिंपाला खांदा लावला आणि ते पाडलं. दुसरं पाडलं, चांगलं होतं तरी. तिसरंही. पाणी गल्लीभर वाहिलं, लोकांच्या चपला त्यात तरंगल्या. त्यानं पन्हळ ओढून काढली. शिडी लावून पत्र्यावर चढला, कापडाचा पोंगा फाडला, खाली येऊन जुन्या बनियनांचे बोळे करून एकेक झरोका बुजवला. मी त्याला दादा म्हणावं तसं "मानोंग, मानोंग" म्हणत राहिले, पण त्याच्या कानांपर्यंत ते जात नव्हतं.

तिया उर्सुला खिडकीत उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली, "सान्तो, पुरे आता. पोरीकडे जा."

तेव्हा कुठे तो थांबला आणि तसाच ओल्या कपड्यांनी इस्पितळात गेला. पेर्लिताला त्यानं स्वतःच सांगितलं. मी पोचले तेव्हा सांगून झालं होतं. ती जोवेलिनच्या पायाशी बसली होती, तो दाराशी उभा होता आणि दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते.

त्याच्या दुसऱ्या दिवशी आकडा खाली गेला नाही. मग चढू लागला. तिया उर्सुलानं तावा-तावा नावाच्या रानपाल्याचा काढा किटलीतून पाठवला. डॉक्टर म्हणाला, द्या, पण पाणीही भरपूर पाजा. जोवेलिननं काढ्याचा एक घोट घेऊन तोंड असं वेडंवाकडं केलं की पेर्लिता रडायला लागली. मूल बरं होतंय हे तिला त्या तोंडावरून कळलं.

घरी आणल्यावर जोवेलिनला पुढच्या खोलीत निजवलं. झरोके बुजलेले, वारा नाही. ती कूस बदलत राहिली. "तातय, वारा कुठे गेला?" तिनं विचारलं.

क्रिसान्तो तिच्या उशाशी पुठ्ठ्यानं वारा घालत होता. त्याचा हात थांबला. पुठ्ठा माझ्या हातात देऊन तो बाहेर गेला आणि संध्याकाळी परत आला तो बातमी घेऊन. मिंदानाव बेटाच्या बाजूला माल नेणाऱ्या एका बोटीवर माणूस हवा होता. उद्या सकाळी कचेरीत बोलावलं होतं.

पेर्लिता उठली. तिनं कपाटावरची बॅग काढली. तिला ती बॅग भरताना मी किती वेळा पाहिलं असेल. शर्ट गुंडाळून, मोजे बुटांत, औषधं वरच्या कप्प्यात. तिचे हात आपोआप चालत होते. त्याला निरोप कसा द्यायचा हे तिला नीट येत होतं. त्याला घरात कसं ठेवायचं हे मात्र तिला कधी करावंच लागलं नव्हतं.

तो दाराशी उभा राहून बघत होता. "थांब म्हणणार नाहीस?"

"कधी म्हटलं होतं?"

"नाही म्हटलंस."

"मग सवय नाही मला." तिनं चेन ओढली. चेन अडकली. तिनं पुन्हा ओढली आणि मग एकदम बॅग सोडून खाटेवर बसली. "मी सांगू का तुला, सान्तो? डास सगळ्यांकडे होतात. माझ्या आईच्या माठातही झाले असते. त्याचा राग नाही मला."

"मग कशाचा?"

"तू आलास आणि थेट पत्र्यावर चढलास. हे घर मी चालवलंय. कोणत्या भिंतीला ओल येते, कोणत्या खिडकीतून शेजारणीचा धूर येतो, सगळं मला ठाऊक आहे. तू एकदा विचारलंस मला? भोक पाडायच्या आधी? माझं टेबल मी खाटेजवळ आणलं, तुझ्या लक्षात तरी आलं?"

"मला वाटलं तुला तिथे आवडतं."

"तिथे!" ती म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "तू आल्यापासून मी माझ्याच घरात पाहुणी झाल्यासारखी राहते. तू बाहेर चालतोस, मी आत लाटते. दोघंही थकतो आणि कुणीच कुठे पोचत नाही."

त्यानं दाराची चौकट धरली. मला तिथून उठून जायला हवं होतं, पण दारातच तो होता. शेवटी तो म्हणाला, "मला घरात राहता येत नाही, लांगा. मी प्रयत्न करतो. पाय थांबत नाहीत. काहीतरी करत राहिलो तरच वाटतं की मी इथे फुकट नाही राहात."

लांगा म्हणजे लाडके. हा शब्द त्यानं परत आल्यापासून मी पहिल्यांदाच ऐकला.

सकाळी तो बॅग घेऊन गेला. जोवेलिनच्या केसांवरून हात फिरवला, पेर्लिताकडे पाहून मान हलवली आणि गेला. फाटकाचा आवाज झाल्यावर पेर्लिता थोडी थांबली. मग म्हणाली, "नेलिया, ते पिंप धर."

आम्ही तिन्ही पिंपं उभी केली. तिनं आतून ब्रश घालून घासघासून धुतली, कारण डासांची अंडी पिंपाच्या आतल्या बाजूला चिकटून राहतात असं त्या आरोग्यवाल्या बायकांनी सांगितलं होतं. खिडकीचा जुना जाळीदार पडदा फाडून त्याच्या दोन-दोन घड्या पिंपांच्या तोंडांवर ताणल्या आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी अशा आवळल्या की मुंगीही जाऊ नये. पाइपाभोवतीची फट लांबीनं बुजवली. तोटीखालची बादली काढून टाकली आणि ठिबकणाऱ्या तोटीला वायसर घातला. मग तिनं माझ्याकडून पन्हळ धरवून घेतली आणि पुन्हा पत्र्याच्या कडेला बांधली.

"आता लाटायला घेऊ या का?" मी विचारलं. ऊन वर आलं होतं.

"थांब जरा." ती स्टुलावर चढली आणि झरोक्यांतले बनियनांचे बोळे ओढून काढू लागली. जोवेलिनच्या खोलीकडे वारा जाणारे सगळे झरोके तिनं मोकळे केले, त्यांनाही जाळी मारली. टेबलाच्या जुन्या जागेवरचे दोन तसेच बुजलेले ठेवले. "हे दोन त्यानं चुकीच्या जागी पाडलेत. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं." मग आम्ही टेबल पुन्हा स्वयंपाकघरात आणलं, बुजलेल्या झरोक्यांखाली, बाटलीच्या उजेडात. जोवेलिन खाटेवरून म्हणाली, "आला वारा."

मी बहिणीकडे पाहिलं. गालावर लांबी, कमरेभोवती गुंडाळलेला टॉवेल, घामानं चिकटलेले केस. इतके महिने मला वाटत होतं की अस्वस्थ तो आहे. तिचेही पाय तितकेच चुळबुळत होते, फक्त ती जागच्या जागी होती.

दुपारी जेवायच्या सुमारास फाटक वाजलं. क्रिसान्तो बॅगेसह आत आला. पिंपांपाशी थांबला, ट्यूबची पट्टी बोटानं ओढून पाहिली. वर पन्हळीकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"मला घेतलं नाही," तो म्हणाला. "तिथेही डॉक्टर होता. त्यानं रक्तदाबाचा पट्टा बांधला आणि लगेच काढला."

पेर्लिता लाटत होती. "जेवलास?"

"नाही. ऐक आधी. घेतलं असतं तर मी गेलो असतो. मन बदललं म्हणून परत आलो, असं तुला वाटू नये."

"माहीत आहे मला."

"चालेल?"

तिनं पारी उचलून उजेडात धरली, पलीकडून बोट दिसतं का ते पाहिलं आणि ओल्या कापडाखाली सरकवली. "चालेल की नाही ते ठरवायला वेळ लागेल. हात धू. भात आहे, वाळलेली मासळी आहे."

तो जेवला. ताट धुतलं. मग त्याची नजर पुन्हा घरभर फिरू लागली, पत्रा, भिंत, नळ. मला वाटलं, झालं सुरू. पण तो टेबलापाशी आला आणि हात मागे बांधून उभा राहिला, जसा नवा खलाशी कप्तानापुढे उभा राहात असेल.

"काय करू?" त्यानं विचारलं.

पेर्लिता म्हणाली, "काही नको." थोडं लाटलं. मग लाटणं खाली ठेवलं आणि दोन्ही हात कमरेवर दाबून मागे वाकली. "हे टेबल बुटकं आहे. आईचं होतं, आई माझ्या खांद्याएवढी होती. मी इतकी वर्षं वाकून लाटते आहे."

मी तिच्याकडे बघतच राहिले. मी रोज तिच्या समोर बसून लाटते, पण मी स्टुलावर बसते. ती उभी राहून लाटते. मलाही हे कधी दिसलं नव्हतं.

"किती उंच हवं?" क्रिसान्तोनं विचारलं.

"मला काय ठाऊक किती."

"उभी राहा. हात लाटायला धरतेस तसे धर."

ती टेबलापासून बाजूला सरकून ताठ उभी राहिली. लाटणं हवेत धरलं. पिठानं माखलेले कोपर, समोर काही नसलेलं. तो गुडघ्यांवर बसला. त्याचे गुडघे वाजले. तिच्या हाताखाली त्यानं आपला पंजा आडवा धरला. "इथे?"

"वर."

"इथे?"

"जरा खाली. हां. इथे."

त्यानं दाराच्या चौकटीवर त्या उंचीला पेन्सिलीनं खूण केली आणि टेबल किती कमी पडतं ते मोजलं. गल्लीच्या टोकाला सुताराकडे लाकडाचे तुकडे पडलेले असतात, तिथून चार ठोकळे आणले, चुलीपाशी बसून कापले, मधोमध खळगे कोरले आणि मी आणि जोवेलिननं टेबल उचलून धरलं तेव्हा पायांखाली सरकवले. जोवेलिन अजून अशक्त होती, तिनं नुसता हात लावला, पण तिला वाटलं तिनंच उचललं.

पेर्लितानं पीठ भुरभुरवलं आणि लाटायला घेतलं. पाठ सरळ. लाटणं पहिल्यांदाच तिच्या खांद्यातून फिरत होतं. दोन पाऱ्या झाल्या. तिसऱ्या पारीला टेबल डुगडुगलं.

"डावीकडचा मागचा पाय कमी पडतोय," ती म्हणाली.

क्रिसान्तो तोवर पाचर शोधायला अंगणात गेलाही होता.